डोक्यावर बरोबरची खूण

सावित्रम्मांच्या घरी टीव्ही आला तेव्हा मला वाचता येत नव्हतं. लहान होते म्हणून येत नव्हतं, असं म्हणायची सोय नाही. माझ्या बरोबरीच्या मुली तिसरीत जाऊन धडेच्या धडे घडाघडा वाचत होत्या आणि मी दुसरीच्या वर्गात, माझ्यापेक्षा बुटक्या मुलांच्या मागे, भिंतीला टेकून पुन्हा बसले होते. शाळा मराठीच होती. हैदराबादेत तेव्हा अशा दोन-चार शाळा होत्या आणि अप्पांनी मला मुद्दाम तिथे घातलं होतं. पुस्तक उघडलं की अक्षरं मला दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी दिसत. वरून एक रेघ आणि खाली सगळी लोंबणारी, जराशा वाऱ्याने एकमेकांत गुंतणारी. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांची तर मला धडकीच भरे. बाई फूटपट्टी घेऊन जवळ येऊन उभ्या राहिल्या की जी अक्षरं ओळखू येत असत तीही अनोळखी होऊन जात. आज या दुखण्याला नाव आहे, त्याचे डॉक्टर आहेत. तेव्हा त्याला 'डोकं नाही' असं म्हणत.

आम्ही नारायणगुड्याला एका गल्लीत वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. दोन खोल्या, पुढे गच्ची आणि खाली घरमालकीण सावित्रम्मा. त्या एकट्याच असत. त्यांचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि मुलगा विशाखापट्टणमला नोकरीला होता. सकाळी खालून त्यांच्या रुब्बुरोलूचा, म्हणजे इडलीचं वाटायच्या दगडी रगड्याचा, घरघर आवाज यायचा आणि वर आईच्या भाकरीची थापथाप चालू असायची. मी अंथरुणात पडून ते दोन्ही आवाज ऐकायचे. आई परभणीकडची, ज्वारीशिवाय तिचं पान हलायचं नाही. सावित्रम्मांचं भाताशिवाय. पण अंबाडीची भाजी दोन्ही घरांत सारखीच लाडकी होती. आई ती ज्वारीच्या कण्या घालून, लसणाची फोडणी वरून ओतून करायची आणि सावित्रम्मा त्याच पाल्याची लालभडक गोंगुरा चटणी करून बरणीत भरायच्या. जिन्यावरून वाट्यांची देवाणघेवाण सतत चालू. आईचं तेलुगू मोडकंतोडकं आणि सावित्रम्मांचं हिंदी त्याहून मोडकं, पण त्या दोघींचं कधी काही अडलेलं मी पाहिलं नाही.

अप्पा पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कारकून होते. उंच, सावळे, मोजकं बोलणारे. त्यांचं लहानपण निजामाच्या राज्यात गेलं. शाळा झाली ती उर्दूत. मराठी ही घरात बोलायची भाषा, पुस्तकात ती कधी भेटलीच नव्हती. पुढे शहरात नोकरीला लागल्यावर खोलीवरच्या एका मित्राच्या मदतीने ते मराठी वाचायला शिकले, मिशा फुटलेल्या वयात. म्हणून त्यांना मराठी वर्तमानपत्राचं भारी अप्रूप. टपालाने शिळं होऊन आलेलं ते वर्तमानपत्र रोज संध्याकाळी खुर्चीत बसून ते पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचत आणि मध्येच आईला एखादी बातमी मोठ्याने वाचून दाखवत. त्यांना जे एवढ्या उशिरा आणि एवढ्या कष्टाने मिळालं, ते त्यांनी माझ्यापुढे आयतं आणून ठेवलं होतं आणि मला ते घेता येत नव्हतं. ते त्यांना फार लागत असे. ते मला शिकवायला बसत. पहिल्या चुकीला समजावत, दुसऱ्या चुकीला आवाज चढवत, आणि त्यानंतर कधी कधी हातही उठे. मग ते स्वतःच उठून गच्चीवर जात आणि बराच वेळ आत येत नसत.

दुसरीत मी पहिल्यांदा नापास झाले, तेव्हाच गोदाआत्या म्हणाली होती की पोरीला माझ्याकडे पाठवा. गोदाआत्या अप्पांची मोठी बहीण, उदगीरला राहायची. तिला मूलबाळ नव्हतं. नवरा अडत्याकडे कामाला, दिवसभर बाहेर. घरात म्हैस होती, कामाचा रगाडा होता आणि बोलायला कुणी नव्हतं. पोरगी शाळेत चालत नाही तर निदान घरकामात तरबेज होईल, मी लेकीसारखी सांभाळीन, असं तिचं म्हणणं. आईने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पण दुसरीत मी पुन्हा बसले तेव्हा अप्पांनी ठरवून टाकलं. यंदाही नापास झाली तर उन्हाळ्यात आत्या येईल आणि शकूला घेऊन जाईल. हे त्यांनी मला समोर बसवून, आवाज न चढवता सांगितलं. ओरडून सांगितलं असतं तर मला इतकी भीती वाटली नसती. त्यानंतर आई भाकरी करताना मी तिच्या पाठीला पाठ लावून बसायला लागले. ती फक्त जरा मागे रेलायची.

टीव्ही आला तो याच वर्षी. सावित्रम्मांच्या मुलाने आईला करमणूक म्हणून पाठवला होता. लाकडी पेटीचा, सरकत्या दाराचा, काळ्यापांढऱ्या चित्रांचा. त्यावर त्यांनी स्वतः विणलेला रुमाल घातला होता. संध्याकाळी गल्लीतली सगळी पोरं त्यांच्याकडे जमत. या पोरांत खेळून मला तेलुगू बोलता येत होतं. नियम एकच, अंगणातल्या नळावर पाय धुऊन आत यायचं आणि चटईवर बसायचं. शेतीच्या गप्पांचा लांबलचक कार्यक्रम आम्ही लहान मुलांच्या कार्यक्रमाच्या आशेने मुकाट्याने सोसायचो. मग पडद्यावर ती यायची. दोन वेण्या घातलेली, हसरी, गळ्यात साधी पोत. सगळी पोरं तिला अक्का म्हणत. तिच्या टेबलावर कापडाची एक बोलकी बकरी असे, एक कान खाली पडलेली. अक्का पुठ्ठ्यावरचं एक मोठं तेलुगू अक्षर उचलून दाखवायची, त्याच्यावरून बोट फिरवायची, त्या अक्षराचं कधी फळ व्हायचं तर कधी साप. मग ती बकरीला विचारायची. आणि बकरी हमखास चुकायची.

त्यानंतर जे व्हायचं त्यासाठी मी जायचे. बकरी चुकली की अक्का रागावत नसे. हसतही नसे. "मळ्ळी चूद्दाम," असं म्हणायची. म्हणजे पुन्हा बघू या. आणि मग ती थांबायची. टीव्हीवर काहीच व्हायचं नाही, नुसती अक्का बकरीकडे बघत असायची आणि बकरी अक्षराकडे. चटईवरची पोरं उत्तर ओरडून सांगत, पण मला त्या ओरडण्याचा राग यायचा, कारण त्या शांततेत मला माझ्यापुरतं ते अक्षर हळूहळू उमगत यायचं. बकरीच्या आधी मला आलं की मी ते हळूच चटईवर बोटाने गिरवायचे.

आता माझी नात गच्चीबावलीच्या उंच इमारतीत राहते. तिच्या हातातल्या फोनवर अक्षरं नाचतात, गातात, रंग बदलतात. माझी सून पुण्याची, मुलीला मराठी वाचता यावं म्हणून तीच ते लावून देते. नात बोट लावते आणि अक्षर पुढे पळतं. मी शेजारी बसून बघते आणि मला सारखं वाटतं, जरा थांबा की, कुणीतरी.

तेलुगू अक्षरांचं मला आणखी एक आवडायचं. ती गोल गोल, सुटी सुटी असतात. वर रेघ नसते, प्रत्येक आपल्या जागी स्वतंत्र, ताटात ठेवलेल्या चकल्यांसारखी. आणि बहुतेक अक्षरांच्या डोक्यावर एक बारीकशी खूण असते, अगदी बाई बरोबर उत्तरावर करतात तशी. माझ्या वहीत बाईंच्या लाल फुल्याच फुल्या होत्या. इथे अक्षरं जन्मतःच बरोबर होऊन आली होती. मी हे एकदा सावित्रम्मांना सांगितलं तर त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. त्याला तलकट्टु म्हणतात, असं त्यांनी मला सांगितलं. त्यानंतर संक्रांतीला जंतिकलु, म्हणजे त्यांच्याकडच्या चकल्या, करताना त्यांनी मला जवळ बसवलं, आणि साच्यातून पीठ पाडताना एक-दोन अक्षरं पाडली. मी सांगेन ते अक्षर तळून माझ्या हातावर ठेवायच्या. त्यांना वाटत होतं की मी खेळते आहे. मलाही तसंच वाटत होतं. येता-जाता दुकानांच्या पाट्यांवरची अक्षरं मला हाक मारायला लागली तरी त्याला वाचणं म्हणतात हे माझ्या लक्षात आलं नाही. वाचणं म्हणजे बाईंसमोर उभं राहून जे येत नाही ते.

सुट्टीच्या दिवशी अप्पा अफझलगंजच्या मोठ्या लायब्ररीत जात. तिथे मराठी पुस्तकं मिळत आणि उर्दू वर्तमानपत्रंही. कधी मला सोबत नेत. उंच छत, लांबलचक टेबलं, पंख्यांचा सावकाश आवाज, आणि जुन्या कागदाचा थोडासा ओला वास. त्या दिवशी अप्पा वाचत बसले होते आणि मी कंटाळून टेबलावर कुणीतरी ठेवून गेलेलं मुलांचं एक तेलुगू पुस्तक ओढलं. पानभर चित्र, खाली ठळक अक्षरांत एक ओळ. एक म्हातारी विहिरीवर गेली होती. मी बोट ठेवून वाचायला लागले. ओठ हलत होते, आवाज फुटत होता, मला भान नव्हतं. पान उलटून म्हातारीची घागर विहिरीत पडते तिथवर आले आणि डोक्यावर सावली पडली. अप्पा वाकून बघत होते.

"काय करायलीस गं?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

मी घाबरून पुस्तक मिटलं. त्यांना वाटलं मी चित्रं बघून मनाने रचून म्हणते आहे. अप्पांना तेलुगू बोलता येत असे, पण लिपी येत नव्हती, त्यामुळे पडताळून बघायचा त्यांच्यापाशी उपायच नव्हता. टेबलाच्या पलीकडे एक वयस्कर तेलुगू गृहस्थ वर्तमानपत्र वाचत बसले होते. अप्पांनी त्यांना विनंती केली की जरा बघता का, ही काय म्हणते ते. त्या गृहस्थांनी पुस्तकाचं मधलंच एक पान उघडून माझ्यापुढे ठेवलं. मी अडखळत, एक जोडाक्षर सोडून देऊन, ती ओळ वाचली. त्यांनी ते जोडाक्षर मला सांगितलं आणि चष्मा काढून अप्पांना म्हणाले की तुमची मुलगी चांगलं वाचते, कितवीत आहे? अप्पांनी पुस्तक मिटून टेबलावर ठेवलं. माझा हात धरून ते बाहेर आले.

समोरच्या इराणी हॉटेलात त्यांनी मला नेलं. असं ते कधी नेत नसत. माझ्यापुढे बिस्किटं ठेवली, स्वतःपुढे चहा ठेवला आणि तो तसाच राहिला.

"हे कुणी शिकवलं तुला?"

मी म्हटलं, टीव्हीनं.

"मग मराठी का येत नाही? ती तर आपली आहे."

मी बिस्किटाचा कोपरा कुरतडत बसले. मग जे मनात होतं तेच बोलले. "टीव्हीतली बकरी पण चुकते अप्पा. तिला कुणी मारत नाही."

चहावर साय धरली. पोऱ्याने येऊन विचारलं, चाय बदलून देऊ का साब, तर त्यांनी नको म्हणून मान हलवली. बसमध्ये त्यांनी मला मांडीवर बसवलं. त्या वयाची मुलगी मांडीवर मावत नाही, माझे पाय समोरच्या सीटला लागत होते, पण ते मला उतरू देईनात.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही पोरं चटईवर बसलो असताना अंगणात नळाचा आवाज झाला. अप्पा पॅन्ट वर दुमडून पाय धूत होते. सावित्रम्मांनी लगबगीने खुर्ची पुढे केली. ती त्यांनी बाजूला सारली आणि चटईच्या मागच्या टोकाला, भिंतीशी, मांडी घालून बसले. पोरं एकमेकांना ढोसायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण कार्यक्रम सुरू झाला, बकरी चुकली, अक्काने थांबून तिच्याकडे बघितलं, आणि मागून कुणीतरी मोकळं हसलं. मी वळून बघितलं तर अप्पा. ते असे हसतात हे मला माहीतच नव्हतं. त्यानंतर ते कचेरीतून वेळेवर सुटले की येत राहिले.

घरी ते मला म्हणाले की मला तेलुगू शिकव. मला ती थट्टा वाटली. पण त्यांनी पाटी माझ्या हातात दिली आणि समोर बसले. एवढा मोठा माणूस 'व' आणि 'म' यांच्यात गोंधळायचा, तेलुगूत ती दोन्ही अक्षरं सख्ख्या बहिणींसारखी दिसतात. कपाळावर घाम यायचा त्यांच्या. मी आधी "तप्पु!" म्हणजे चूक, असं जोरात ओरडले आणि लगेच थांबून म्हटलं, मळ्ळी चूद्दाम. त्यांनी माझ्याकडे बघितलं ते मला अजून आठवतं. चुकताना माणसाला कसं वाटतं ते त्यांना बहुतेक तेव्हा नव्याने समजलं असावं. की त्यांना उर्दू शाळेतले आपले दिवस आठवले, कोण जाणे. ते त्या दिवसांबद्दल कधी बोलले नाहीत.

मग मराठीची पाळी आली. अप्पांनी रेघ काढूनच टाकली. पाटीवर ते बिनरेघेची अक्षरं लिहायचे, लांब लांब, तेलुगूसारखी सुटी. प्रत्येकाला मी ओळखलं की शेवटी खडू माझ्या हातात द्यायचे आणि वरची रेघ मी ओढायची. रेघ ओढली की शब्द झाला. आई गच्चीवरच्या कण्हेरीच्या कुंडीजवळ तांदूळ निवडत बसलेली असायची, तिथूनच म्हणायची की आज किती शब्द झाले. मी चुकले की अप्पा हाताची घडी घालून थांबायचे. हात घडीत असे घट्ट धरलेले असायचे की मला कळायचं, हेही त्यांना सोपं जात नाही.

मी पास झाले असं मला लिहायला आवडलं असतं. झाले नाही. परीक्षा लवकर आली. बाईंनी धडा पुढे ठेवला, मी बोट धरून तिसऱ्या ओळीपर्यंत पोचले आणि त्या म्हणाल्या, पुरे, पुढची. निकालाच्या दिवशी मी घरी आले ती थेट गच्चीच्या कोपऱ्यात जाऊन बसले. कारण ठरलेलं होतं आणि अप्पा ठरलेलं मोडत नसत.

चार-पाच दिवसांनी गोदाआत्या आली. येताना लोणी, शेंगा, आईला खण. ती मला जवळ घेऊन केसांवरून हात फिरवत राहिली आणि उदगीरच्या घरातली माझी झोपायची जागा कुठे ते सांगत राहिली, खिडकीपाशी, जिथून म्हशीचं रेडकू दिसतं. आई चुलीपुढे पाठमोरी बसून होती. तिची पाठ हलत होती. तिन्हीसांजेला अप्पा घरी आले, हातपाय धुतले, देवाला दिवा लागला. मग त्यांनी आत्याला समोर बसवलं.

"ताई, शकू यायची नाही," ते म्हणाले.

आत्याला आधी समजलंच नाही. "कामून? नापास झाली म्हनलास ना?"

"झाली. पण वाचायली ती. शाळेला कळंना, मला कळतंय. सावकाश वाचती. तिला वेळ लागतो, तर लागू दे."

आत्याने खूप समजावलं. पोरीच्या जातीला एवढं वाचून काय करायचंय, आणखी एक वर्ष बसली तर घोडी दिसेल वर्गात. अप्पा सगळं ऐकून घेत होते आणि मान हलवत होते, पण उत्तर बदलत नव्हते. आईने पानं वाढली. त्या दिवशी भाकरीवर लोणी आत्याने आणलेलं होतं आणि ते पानापानांवर तसंच वितळत राहिलं.

आत्याला बसवून द्यायला अप्पांबरोबर मीही गौळीगुड्याच्या स्टँडवर गेले. फलाटावर महाराष्ट्राच्या लाल गाड्या एका ओळीत उभ्या होत्या, कपाळावर मराठी पाट्या. आत्याला अक्षरओळख नव्हती. ती पिशवी सावरत अप्पांना विचारायला लागली, माझी गाडी कोणती रं? अप्पांनी हात पाठीमागे बांधले आणि माझ्याकडे बघितलं. मी पुढे झाले. एका पाटीपाशी थांबले, बोट हवेत धरलं. उ. मग द. मग गी, तिथे मी जरा अडले. आत्याही अडली माझ्याबरोबर. र.

"उदगीर," मी म्हटलं. "आत्या, ही तुझी गाडी."

ती पाटीकडे एकदा बघून गाडीत चढली. मग खिडकीत बसली आणि पिशवीत हात घालून कागदात गुंडाळलेल्या बांगड्या काढल्या. हिरव्या, बारीक, माझ्या मापाच्या. माझं माप तिने कुठून घेतलं कोण जाणे. घाल, तुझ्यासाठीच घेऊन ठेवल्या होत्या, असं म्हणून तिने त्या खिडकीतून दिल्या आणि लगेच तोंड दुसरीकडे केलं. तोवर मी एवढाच विचार केला होता की मला न्यायला कुणीतरी येणार आहे. तिकडे एक बाई खिडकीपाशी जागा करून माझी वाट बघत होती, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं. मोठेपणी मी तिच्याकडे पुष्कळदा गेले, तिला वर्तमानपत्रं वाचून दाखवली, शेवटच्या आजारात महिनाभर राहिले. पण त्या दिवशीचं तिचं वळवलेलं तोंड माझ्या मनातून गेलं नाही.

गाडी गेली. अप्पा घराकडे वळतील असं मला वाटलं, पण ते तिथेच उभे राहिले. उन्हं चढत होती. पुढची गाडी फलाटाला लागली तेव्हा त्यांनी हनुवटीने पाटी दाखवली. मी बोट धरलं. मग त्याच्या पुढची. लातूर मला जमलं, नांदेडला अनुस्वार विसरले, औरंगाबादला तर फारच वेळ लागला आणि गाडी निघून गेल्यावर उत्तर आलं. ड्रायव्हर-कंडक्टर आमच्याकडे बघून जात होते. अप्पांनी कुणाकडे लक्ष दिलं नाही.

घरी पोचलो तेव्हा आईने दारातच धरलं. अन्न निवून गेलंय, ताईंची गाडी सकाळचीच होती ना, एवढा वेळ कुठे होता तुम्ही? अप्पांनी चपला काढल्या, पायरीवर बसले, आणि सगळ्या जगाला कळायला हवं असं कारण सांगावं तसं म्हणाले,

"पोरगी वाचत होती. मधेच कसं उठवायचं?"